लहान ग्रंथालयाचे विभाग नव्याने लावताना

विभाग बदलायचे म्हणजे कपाटे हलवायची, अशा समजुतीने काम सुरू केले की दोन दिवसांत पुस्तके जमिनीवर आणि वाचक दारात, अशी गत होते. खरे तर पुस्तके हलवणे हा या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग आहे. अवघड आहे ते आधीचे कागदावरचे काम. हा लेख साधारण दोन ते दहा हजार पुस्तकांच्या ग्रंथालयासाठी आहे. म्हणजे शाळेचे, संस्थेचे किंवा एखाद्या मंडळाचे ग्रंथालय, जिथे एक ग्रंथपाल आणि दोन-चार मदतनीस आहेत, वाचक स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक घेतात आणि विभाग मात्र वर्षानुवर्षे सुचतील तसे वाढत गेले आहेत.

आधी दुखणे ओळखा

देवघेवीच्या टेबलावर पंधरा दिवस एक वही ठेवा. त्यात तीनच नोंदी करायच्या. वाचकाने काय मागितले, ते त्याच्या स्वतःच्या शब्दांत. नोंदीत असूनही कोणते पुस्तक सापडले नाही. आणि कोणते पुस्तक भलत्याच विभागात मिळाले. पहिली नोंद सर्वांत मोलाची आहे, कारण वाचक ‘सामाजिक शास्त्रे’ असे कधीच म्हणत नाही, तो ‘भाडेकराराबद्दल काही आहे का’ असे विचारतो. विभागांची नावे ठरवताना हेच शब्द उपयोगी पडतात.

सोबत गेल्या बारा महिन्यांची देवघेव विभागवार मोजा आणि तिला त्या विभागातल्या पुस्तकसंख्येने भागा. समजा, कादंबऱ्या ४०० आहेत आणि वर्षात ९०० वेळा बाहेर गेल्या, तर प्रमाण २.२५ येते. दुसऱ्या एका विभागात ३०० पुस्तके असून ती मिळून ३० वेळाच गेली, तर ०.१. एवढा फरक दिसला की तो विभाग नकोसा आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नका. बऱ्याचदा तो कोपऱ्यात, वरच्या फळीवर किंवा न कळणाऱ्या नावाखाली दडलेला असतो. संदर्भग्रंथांना हे गणित लावायचेच नाही, कारण ते घरी जात नाहीत.

नुसती पुस्तके मोजू नका, सेंटिमीटर मोजा

जागेचा हिशेब पुस्तकांच्या संख्येवर केला की हमखास चुकतो. कवितासंग्रह बोटाएवढा जाड असतो आणि शब्दकोश वितीएवढा. म्हणून मोजपट्टी घेऊन प्रत्येक विभागाने फळीवर किती लांबी व्यापली आहे ते मोजा आणि बाहेर गेलेल्या पुस्तकांची अंदाजे लांबी त्यात मिळवा. ही भर विसरली तर सुट्टी संपून पुस्तके परत येऊ लागली की फळ्या तुंबतात.

आता हिशेब. ३,००० पुस्तके सरासरी २ सेंटिमीटर जाडीची धरली तर ६,००० सेंटिमीटर लांबी झाली. फळी ९० सेंटिमीटरची असली तरी ती ७० टक्केच भरायची, म्हणजे वापरायची लांबी ६३ सेंटिमीटर. भागाकार ९५.२ येतो, म्हणजे ९६ फळ्या. पाच फळ्यांच्या मांडण्या असतील तर २० मांडण्या लागतील. ही ३० टक्के रिकामी जागा उधळपट्टी वाटते, आणि तीच वाचवायचा मोह सर्वांत जास्त होतो. पण खचाखच भरलेल्या फळीवरून पुस्तक काढताना वाचक कण्याच्या वरच्या टोकात बोट घालून ओढतो आणि कणा तिथेच फाटतो. शिवाय एका विभागात दहा नवी पुस्तके आली की पुढच्या सगळ्या फळ्या सरकवाव्या लागतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतले शेवटचे सूत्र ‘ग्रंथालय ही वाढती संस्था आहे’ असे आहे. त्या वाढीची सोय फळीवर जागा ठेवूनच होते.

भरलेल्या ९० सेंटिमीटर फळीचे वजन २० ते २५ किलो होते. लाकडी फळी मधोमध वाकलेली दिसली तर याच वेळी खाली आधार द्या. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान १० सेंटिमीटर वर हवी, आणि बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवून ठेवू नका. मागे चार बोटे जागा सोडली तर हवा खेळते, ओल पुस्तकांपर्यंत येत नाही. दोन मांडण्यांमध्ये ९० सेंटिमीटर वाट तरी हवीच. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या वाचकासाठी त्याहून जास्त सोडता आली तर उत्तम.

बाद करायची पुस्तके आत्ताच बाजूला काढा

नव्या जागी नेऊन, नवी चिठ्ठी लावून मग पुस्तक बाद करणे म्हणजे दुप्पट श्रम. वाळवी लागलेली, पाने गळालेली, कालबाह्य झालेली पुस्तके हलवण्याआधीच वेगळी करा. कायदा, कर, औषधोपचार आणि संगणक या विषयांची जुनी मार्गदर्शक पुस्तके नुसती निरुपयोगी नसतात, वाचकाची दिशाभूल करतात. त्यांच्याबाबत भावनेला जागा नको. मात्र ‘पाच वर्षांत कोणी नेले नाही’ एवढ्या एकाच कारणावरून काही बाद करू नका. एखाद्या पुस्तकाची ती शेवटचीच प्रत असू शकते. अशा पुस्तकांची वेगळी यादी करून जाणकाराला दाखवा. बाद पुस्तकांना संस्थेची रीतसर मंजुरी मिळेपर्यंत दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक जिथे नोंदवतात त्या वहीत, काहीही खोडायचे नाही.

विभागांचा आराखडा

ग्रंथालये बिघडतात ती इथे, त्यामुळे या टप्प्याला घाई करू नका.

नेहमी आढळणारी पाटी पाहा: ‘कादंबरी’, ‘अनुवादित’, ‘लेखिकांचे साहित्य’, ‘पुरस्कारप्राप्त’, ‘नवीन पुस्तके’. प्रत्येक नाव एकेकटे पाहिले तर ठीक वाटते. आता एखाद्या लेखिकेची, पुरस्कार मिळालेली, नुकतीच अनुवादित झालेली कादंबरी हातात घ्या. ती पाचही विभागांत बसते. सकाळचा मदतनीस ती ‘अनुवादित’मध्ये ठेवतो, संध्याकाळचा ‘कादंबरी’त, आणि वाचक तिसरीकडेच शोधतो. दोष कोणाचाच नसतो. विभाग पाडताना साहित्यप्रकार, भाषा, लेखक कोण, सन्मान आणि पुस्तकाचे नवेपण अशा पाच कसोट्या एकाच पातळीवर मिसळल्या आहेत, हे खरे कारण. एका पातळीवर एकच कसोटी लावायची, हा विभागरचनेचा पहिला नियम. आधी वाचकाच्या वयानुसार मोठे आणि मुले असे दोन भाग करा. मग प्रत्येकात ललित आणि माहितीपर. मग ललितात साहित्यप्रकार, माहितीपरात विषय. ‘पुरस्कारप्राप्त’ आणि ‘नवीन’ या गुणांसाठी विभाग नको, दाराजवळ एक छोटा स्टँड ठेवा. तिथे पुस्तक महिनाभर पाहुणे म्हणून राहते, पण कण्यावरची चिठ्ठी मूळ विभागाचीच असते, आणि महिना संपला की ते तिथे परत जाते.

माहितीपर पुस्तकांसाठी स्वतःची विषययादी बनवत बसू नका. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती त्यासाठी पुरेशी आहे. तिच्यात ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग आणि त्यांचे पुन्हा दहा उपभाग आहेत: ००० सर्वसामान्य, १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रे, ४०० भाषा, ५०० निसर्गविज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला आणि खेळ, ८०० साहित्य, ९०० इतिहास व भूगोल. आकड्यामुळे दोन मदतनिसांचे मत जुळते, हा तिचा मोठा फायदा. ‘आकाश’ या एका पाटीखाली लोक खगोलशास्त्र आणि फलज्योतिष एकत्र ठेवतात. ड्यूईत खगोलशास्त्र ५२० मध्ये आहे आणि फलज्योतिष १३३.५ मध्ये.

ललित साहित्याला मात्र ही पद्धत जशीच्या तशी लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्यात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि मराठी कादंबरी-कथांचा ८९१.४६३. ग्रंथालयातली निम्मी पुस्तके मराठी कथा-कादंबऱ्यांची असतील तर दीड हजार कण्यांवर तोच सात खुणांचा आकडा येईल आणि त्यातून कुणालाच काही कळणार नाही. तिथे अक्षरे वापरा: कादंबरीला ‘का’, कथेला ‘क’, कवितेला ‘कवि’, नाटकाला ‘ना’, ललित निबंधाला ‘ल’.

चरित्र-आत्मचरित्रांचा निर्णय आधीच घ्या. शास्त्रज्ञाचे चरित्र विज्ञानात की चरित्रांत? दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण वाचकांना चरित्रे एकत्र हवी असतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून स्वतंत्र विभाग करा आणि त्यात पुस्तके लेखकाच्या नावाने न लावता ज्याचे चरित्र आहे त्याच्या नावाने लावा. तसे केले की एकाच व्यक्तीवरची चार पुस्तके शेजारी येतात.

विभाग किती असावेत? पन्नासहून कमी पुस्तके असतील तर स्वतंत्र विभाग नको, शेजारच्या विषयात मिसळा. चारशेच्या वर गेला तर फोडायचा विचार करा. ‘संकीर्ण’ नावाचा विभाग शक्यतो ठेवूच नका. तिथे गेलेले पुस्तक पुन्हा कुणी मागत नाही, कारण ते तिथे असेल असे कुणाच्या मनात येत नाही. एखादे पुस्तक कुठेच बसत नसेल तर आराखड्यात त्रुटी आहे, असे समजा.

आराखडा कागदावर आला की त्याची परीक्षा घ्या. दाखल नोंदवहीतून कुठलीही पन्नास पुस्तके निवडा, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा आणि दोघांनीही प्रत्येक पुस्तकापुढे विभाग लिहावा. पाचांपेक्षा जास्त ठिकाणी फरक आला तर मदतनिसांना दोष देऊ नका, नियम सुधारा. मतभेद झालेले प्रत्येक उदाहरण आणि त्यावरचा निर्णय एका निर्णयवहीत लिहून ठेवा: ‘प्रवासवर्णन, मग त्यात इतिहास असला तरी प्रवासातच.’ दोन वर्षांनी नवा मदतनीस आला की हीच वही त्याचा गुरू होते.

फळीवरचा क्रम, आणि मराठी अक्षरांचा पेच

विभागाच्या आत पुस्तके लेखकाच्या आडनावाने लावा. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची सगळी पुस्तके ज्या नावाने तो ओळखला जातो त्याच नावाखाली ठेवा आणि दुसऱ्या नावाखाली तालिकेत (ग्रंथालयातल्या सर्व पुस्तकांच्या सूचीत) ‘अमुक पाहा’ अशी एक नोंद करा.

मराठीत क्रम लावताना तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी घ्यायचे, की क आणि ज च्या जोडाक्षरांत? छापील कोशांच्या सवयीने आपण शेवटी पाहतो, पण संगणक क्ष म्हणजे क आणि ष असे धरून ‘क्षीरसागर’ क मध्ये टाकतो. यादी संगणकाची आणि फळी माणसाची, असे झाले की तपासणीत पुस्तक गहाळ दिसते आणि असते मात्र तिसऱ्या कपाटात. दुसरी गोष्ट अनुस्वाराची. अनुस्वाराचे अक्षर आधी की नंतर, यावर कोशांतही एकमत नाही. यादी संगणकावरच काढणार असाल तर दोन्ही बाबतींत सरळ संगणकाचा क्रम स्वीकारा आणि पाटीवर तसे लिहा.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर टंकताना तीन वेगवेगळ्या प्रकारे येऊ शकते, आणि ‘कुऱ्हाडे’मधला र दोन प्रकारे. पडद्यावर ती जवळजवळ सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी अक्षरे वाटतात. मग एकाच लेखकाची निम्मी पुस्तके शोधात येतात आणि निम्मी येत नाहीत. एकाच माणसाने एकदा टंकलेले नाव पुढे सगळ्यांनी तिथूनच उचलायचे, हा साधा नियम पुरतो.

दशांश आकड्यांतही एक चूक ठरलेली आहे. ६४१.४७ आणि ६४१.५ यांत आधी ६४१.४७ येतो. ‘सत्तेचाळीस पाचापेक्षा मोठे’ असे समजून नवे मदतनीस उलटे लावतात. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून दहा चिठ्ठ्या क्रमाने लावून घ्या.

चिठ्ठी

कण्यावरच्या चिठ्ठीवर तीन ओळी पुरतात: वर विभागाची खूण किंवा वर्गांक, मध्ये लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे काना-मात्रेसह, खाली प्रतीचा क्रमांक. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे, म्हणजे ‘श्रीखंडे’चे ‘श्रीखं’ होईल. चिठ्ठीची खालची कड कण्याच्या तळापासून सर्वत्र ३ सेंटिमीटरवर हवी, त्यासाठी पुठ्ठ्याची पट्टी कापून ठेवा. सगळ्या चिठ्ठ्या एका रेषेत आल्या की चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक दुरूनही खटकते. वर पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, सुकते आणि निघताना मुखपृष्ठाचा रंग घेऊन जाते. चिठ्ठीवरच्या या तीन ओळी म्हणजे पुस्तकाचा बोधांक. तोच आतल्या पानावर पेन्सिलीने लिहा, म्हणजे चिठ्ठी पडली तरी ओळख राहते.

रंगीत पट्ट्या मुलांच्या विभागात फार उपयोगी आहेत, पण सहा-सातपेक्षा जास्त रंग कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि उन्हात लाल रंग लवकर विटतो. काहींना लाल-हिरव्यातला फरकही दिसत नाही. म्हणून रंगासोबत अक्षर हवेच.

हलवण्याचा दिवस

पुस्तकांना हात लावण्याआधी प्रत्येक रिकाम्या किंवा भरलेल्या फळीच्या कडेला नवी चिठ्ठी चिकटवा: इथे कुठून कुठपर्यंतची पुस्तके येणार. मग एका मांडणीवर रंगीत तालीम करा. चिठ्ठी लावणे, नोंद बदलणे, हलवणे यांना किती वेळ लागला ते मोजा आणि मांडण्यांच्या संख्येने गुणा. दुसऱ्या ग्रंथालयाचा वेग आपल्या कामाला लागू पडत नाही.

क्रमाचे गणित असे. सगळी पुस्तके उजवीकडे सरकणार असतील तर सर्वांत उजवीकडच्या विभागापासून सुरुवात करा. डावीकडून केलीत तर प्रत्येक विभागाला पुढच्याची जागा हवी असते आणि ती भरलेली असते. दोन विभागांची अदलाबदल असेल तर एक मांडणी पूर्ण रिकामी लागेल. पहिला विभाग त्या रिकाम्या मांडणीवर, दुसरा पहिल्याच्या जागी, मग पहिला दुसऱ्याच्या जागी. रिकामी मांडणी नसेल तर बाद पुस्तके काढून तिथे ती तयार करा. जमिनीवर ढीग करू नका, कारण ढिगात क्रम मोडतो, आणि मोडलेला क्रम पुन्हा लावायला हलवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

खोकी वापरत असाल तर एकात १२ किलोपेक्षा जास्त वजन नको, म्हणजे साधारण पंचवीस पुस्तके. ती डावीकडून उजवीकडे, फळीवरच्याच क्रमाने भरा. खोक्यावर जुनी फळी, नवी फळी आणि ‘७ पैकी ३’ असा क्रम लिहा. दोघांची जोडी सर्वांत चांगली: एकाने काढून द्यायचे, दुसऱ्याने लावायचे. तिसरा माणूस मध्ये आला की क्रम चुकतो. पुसण्याचे काम काढताना करा, लावताना नको.

ज्या विभागाची पुस्तके त्या दिवशी हलली, त्याच्या नोंदी त्याच दिवशी बदला. हा नियम कुठल्याही कारणाने मोडू नका. संगणकावर आधी संपूर्ण माहितीची प्रत काढून वेगळी ठेवा. सगळ्या नोंदी एकदम बदलायची सोय असली तरी ती वापरू नका, कारण फळीवर निम्मे काम बाकी असताना यादी पूर्ण बदललेली दिसली तर दोन्हींवरचा विश्वास उडतो. वहीत जुना बोधांक एका रेघेने खोडा, वाचता येईल असा. बाहेर गेलेल्या पुस्तकांची यादी टेबलावर ठेवा. ती परत आली की फळीवर न जाता आधी नव्या चिठ्ठीसाठी वेगळ्या खणात जातील. हा खण नसेल तर जुन्या चिठ्ठीची पुस्तके महिनोन्महिने नव्या फळ्यांवर शिरत राहतात.

उघडल्यानंतर

दाराशी ‘पूर्वी इथे, आता तिथे’ असा तक्ता लावा, मोठ्या अक्षरांत, आणि तीन महिने तरी काढू नका. सर्वांत जास्त मागणी असलेले विभाग दारापासून थोडे आत ठेवा. वाचक तिथवर जाताना इतर विभागही पाहतो. मुलांच्या मांडण्या १२० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत आणि टेबलावरून दिसतील अशा असाव्यात. जड संदर्भग्रंथ कमरेच्या खालच्या फळ्यांवर, जवळच उतरवून वाचायला टेबल.

वाचकांना सांगा की पाहिलेले पुस्तक परत फळीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. पहिल्या महिन्यात चुकीच्या जागी सर्वांत जास्त पुस्तके चांगल्या हेतूनेच जातात. रोज पंधरा मिनिटे एक मांडणी डावीकडून उजवीकडे वाचून क्रम नीट करा. वीस मांडण्या असतील तर वीस दिवसांत एक फेरी होते.

एक महिन्याने कपाटसूची, म्हणजे फळीवरच्या क्रमाने केलेली यादी, घेऊन पूर्ण पडताळणी करा. यादीत आहे पण फळीवर नाही, अशी पुस्तके लगेच गहाळ ठरवू नका. आधी त्याच मांडणीच्या फळ्यांमागे पाहा, मग जुन्या विभागाच्या जागी, मग दुरुस्तीच्या ढिगात, मग सारख्या दिसणाऱ्या बोधांकाजवळ, म्हणजे ३९८ ऐवजी ३८९ मध्ये. उरलेल्यांची यादी तारखेसह ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. आणि तोवर आराखड्यात नवा विभाग घालू नका. सूचना येतील, त्या निर्णयवहीच्या मागच्या पानांवर तारीख घालून लिहीत राहा.